मोहाचं फूल आणि आंबिलीचा तांब्या

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेल्या काही पुनरुक्त्या काढल्या आहेत. मायचं बोलणं मात्र तिच्या झाडीबोलीतच ठेवलंय.)

आरमोरीहून बोलतोय. बाहेर ऊन मी म्हणतंय, पंखा फिरतोय तो नुसता आवाज करायला, आणि समोर तांब्याभर आंबील आहे. तेव्हा मध्येच घोट घेतल्याचा आवाज आला तर समजून घ्या.

आजचा विषय पिण्याचा आहे. हसू नका. सगळंच पिणं म्हणतोय मी, आंबिलीपासून ते पहिल्या धारेपर्यंत.

झालं असं, की पुण्याची एक मैत्रीण ग्रीसला जाऊन आली. शिक्षिका आहे. फोनवर तासभर तिथल्या पेयांबद्दल सांगत होती. तिकडे शरद ऋतूत द्राक्षं चेपून रस काढला, त्याची वाइन करायला ठेवली, की जो चोथा उरतो तो फेकत नाहीत. तो आंबवतात आणि तांब्याच्या भट्टीत गाळतात. उत्तरेकडे त्याला त्सीपुरो म्हणतात, क्रीट बेटावर त्सिकुदिया किंवा रकी. भट्टी लागली की शेजारीपाजारी जमतात, निखाऱ्यावर बटाटे भाजतात, गाणीबिणी होतात. बडीशेपेच्या जातीचा वास असलेली ऊझो नावाची दारू आहे, तिच्यात पाणी घातलं की ती दुधासारखी पांढरी होते. आणि न चढणारंही पुष्कळ आहे. डोंगरावरच्या एका रानटी झुडपाचा चहा म्हातारी माणसं थंडीत पितात. बदामाचं सरबत आहे. हे सगळं ती फार कौतुकाने सांगत होती. मग तिने विचारलं, "तुमच्याकडे गडचिरोलीत पारंपरिक काय पितात रे?"

मी म्हटलं, "चहा."

फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली. चहा आमच्याकडे सगळेच पितात, खोटं नव्हतं. पण ज्या जिल्ह्यात मोहाच्या झाडाखाली अर्धं गाव पहाटे चारला उठून जातं, तिथल्या माणसाने असं उत्तर का द्यावं? ग्रीसमधल्या आजीची भट्टी म्हणजे संस्कृती आणि आमच्या रानातली भट्टी म्हणजे पोलिसांची बातमी, असं काही माझ्या डोक्यात बसलंय का? की दारूचं नाव काढायला मी भितो, कारण माझ्या घरात ती काय करून गेली ते मला माहीत आहे? दोन्ही खरं आहे. म्हणून हा भाग.

आधी जागा सांगतो, बाहेरच्या श्रोत्यांसाठी. आरमोरी म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं उत्तरेकडचं तालुक्याचं गाव. पश्चिमेला वैनगंगा. पूल ओलांडला की पलीकडे चंद्रपूर जिल्हा, ब्रह्मपुरी तालुका. पूर्वी हा सगळा एकच चांदा जिल्हा होता, २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला. धानाचा मुलूख, कोशाच्या कापडाचं गाव, शेजारी वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांचं माहेर. आणि पूर्वेकडे निघालात की रान सुरू होतं ते कोरची-धानोऱ्याच्या पुढे थेट छत्तीसगडात जातं.

आता माझ्या हातातल्या तांब्यापासून सुरुवात करू.

आंबील. ज्वारी जाडसर भरडायची, पाण्यात भिजवून रात्रभर ठेवायची. सकाळी तिला आंबूस वास येतो. मग मंद आचेवर शिजवायची, ढवळत राहायचं, नाहीतर खाली लागते. गार झाली की ताक, मीठ, जिरं, वरून बारीक कांदा. आमच्या विदर्भात ज्येष्ठा गौरींना, म्हणजे आमच्या महालक्ष्म्यांना, आंबिलीचा नैवेद्य लागतो. पुरणपोळी असो नसो, आंबील पाहिजेच. सणाला ती देवीची, उन्हाळ्यात ती मजुराची. माझी आजी म्हणायची, उन्हात जाणाऱ्याने भाकर विसरली तर चालेल, आंबील विसरायची नाही.

धानाच्या भागात दुसरी गोष्ट म्हणजे पेज. तांदूळ जास्त पाण्यात शिजवून पातळ केलेला, मीठ घालून. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून वाकून कंबर गेलेल्या बाया धुऱ्यावर बसून ही पेज पितात. दक्षिणेकडे, माडिया गोंडांच्या गावांत, तांदळाची किंवा कोसरीसारख्या बारीक धान्याची अशीच पेज असते, तिला जावा म्हणतात. वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात ती भरून नेतात. तुंबा म्हणजे रानातली पाण्याची बाटली. हलका, आतलं गार ठेवणारा, फुटला तर वेलीवर दुसरा तयार.

शिवाय कैरीचं पन्हं. कैरी विस्तवात भाजून केलेलं पन्हं आणि उकडून केलेलं पन्हं यात फरक आहे. भाजलेल्याला धुराचा वास राहतो, मला तोच आवडतो. बेलफळाचा गर पाण्यात कालवून केलेलं सरबत. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, रंग असा की शहरात बाटलीत भरून विकलं तर लोक रांग लावतील. ताक तर आहेच. पाहुणा आला तर कोरा चहा, कारण रानातल्या पुष्कळ गावांत दूध वासराचं असतं, चहाचं नसतं.

हे सगळं मी मैत्रिणीला सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. कारण "पारंपरिक पेय" म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आधी आलं ते मोहच.

तर मोह.

झाड मोठं, शंभर वर्षं जगणारं. फाल्गुन-चैत्रात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, पानं गळालेली असतात आणि फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस येतात. फूल रात्री उशिरा गळायला लागतं, पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंत गळत राहतं. फिकट पिवळं, गुबगुबीत, रसाने भरलेलं. एक तोंडात टाकलं की गोड, आणि मागून एक उग्र वास. वाळलं की मनुक्यासारखं तांबूस होतं. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच असते. त्यामुळे त्याची दारू होते ही बातमी नाही. साखर आणि पाणी एकत्र आलं की हवेतलं यीस्ट ते काम करतंच. बातमी ही आहे, की लोक त्याचं बाकी काय काय करतात.

माझ्या लहानपणी मोहफुलं भाजून, कुटून, तीळ घालून लाडू व्हायचे. दुष्काळात मोहफुलं उकडून खाल्ल्याच्या गोष्टी आजी सांगायची. गाभण गाईला, थकलेल्या बैलाला मोहफुलं खाऊ घालायचे. फुलानंतर फळ येतं, त्याच्या बियांना आमच्याकडे टोरी म्हणतात, तिचं तेल निघतं. ते थंडीत तुपासारखं गोठतं. भाजीला, दिव्याला, फुटलेल्या टाचांना. म्हणजे एका झाडात साखर, तेल, औषध, सावली आणि देव. गोंड समाजात मोहाला जो मान आहे तो उगाच नाही. जन्म, लग्न, मरण, नवं पीक खाण्याचा सण, प्रत्येक ठिकाणी द्रोणातून मोहाचे थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर सांडतात आणि मग बाकीचे घेतात.

ते कसं गाळतात हे माहीत असावं, म्हणून सांगतो. कृती म्हणून नाही. वाळलेली फुलं पाण्यात काही दिवस आंबवतात. त्याला सडवा म्हणतात. पेपरात तुम्ही "मोहसडवा नष्ट" अशी बातमी वाचता तो हा. आता गंमत बघा. आंबील आंबते आणि सडवाही आंबतो. क्रियापद एकच. आंबिलीत मुख्य काम ताका-दह्यातल्या जिवाणूंच्या जातभाईंचं, ते आंबटपणा आणतात. सडव्यात काम यीस्टचं, ते साखरेची दारू करतं. पण नुसत्या आंबण्यातून जी दारू होते ती तशी सौम्यच असते. खरा फरक आगीने पडतो. सडवा चुलीवर चढवला की दारूचा अंश सुमारे ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० ला. म्हणून वाफेत दारू जास्त, पाणी कमी. ती वाफ वरच्या गार पाण्याच्या भांड्याला लागून थेंब थेंब खाली उतरते. वरचं पाणी तापलं की बदलायचं. सुरुवातीला उतरते ती पहिली धार, सगळ्यात कडक. पुढे पुढे ती पातळ होत जाते. आपल्या भाषेत "पहिल्या धारेची" हा शब्द कुठून आला ते आता कळलं असेल.

दक्षिणेकडे, भामरागड-एटापल्लीच्या बाजूला, आगीशिवायचं एक पेय आहे. गोरगा. हे माडाच्या जातीचं झाड, शास्त्रीय नाव कॅरिओटा युरेन्स. कोकणात त्याला भेरली माड म्हणतात, बस्तरात सल्फी. त्याच्या फुलोऱ्याच्या दांड्याला काप देऊन खाली मडकं बांधतात. सकाळी उतरवलेला रस गोड, नीरेसारखा. ऊन चढेल तसा आंबत जातो, दुपारपर्यंत चढायला लागतो. म्हणजे एकच मडकं सकाळी लेकरांचं आणि दुपारी म्हाताऱ्यांचं. या झाडाचा एक स्वभाव आहे. त्याचे फुलोरे वरून खाली येत जातात आणि सगळ्यात खालचा संपला की झाड मरतं. म्हणून ज्याच्याकडे गोरगा आहे तो त्याला जपून वापरतो. बस्तरात तर लेकीला लग्नात सल्फीचं झाड देतात. विचार करा, सोनं नाही, झाड.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता घरातली गोष्ट.

माझे काका प्यायचे. आमच्या गावचे उत्तम नांगरणारे. आधी सणाला, मग बाजाराच्या दिवशी, मग रोज संध्याकाळी, मग सकाळी हात थरथरायचे म्हणून. मी सातवी-आठवीत असेन. मला पाठवायचे आणायला. नाल्याच्या पलीकडे एक घर होतं. मी काचेची बाटली शर्टाच्या आत धरून आणायचो, पोटाला ती कोमट लागायची. चाळीशीही पूर्ण न करता काका गेले. काकूने मंगळसूत्र आधीच गहाण टाकलेलं होतं, त्यामुळे काढायला गळ्यात काही नव्हतंच. हे वाक्य माझ्या मायचं आहे. मी ते विसरू शकत नाही.

त्याच वर्षांत आमच्या जिल्ह्यात दारूविरुद्ध मोठं आंदोलन उभं राहिलं होतं. डॉक्टर अभय आणि राणी बंग, अनेक संघटना, कार्यकर्ते आणि सगळ्यात जास्त गावोगावच्या बाया. १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्याआधी महाराष्ट्रात वर्धा जिल्हा होता, १९७५ पासून, तो गांधीजींचा जिल्हा म्हणून. गडचिरोलीची बंदी लोकांनी मागून घेतलेली होती. माझी माय त्या बायांमध्ये होती. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मोर्चाला पुढे. एकदा रात्री बाया कंदील घेऊन नाल्यावर गेल्या, सडव्याचे पिंप शोधले आणि ओतून दिले. सगळ्या नाल्याला वास सुटला होता.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला माय टोपली घेऊन मोहफुलं वेचायला गेली.

आमच्या धुऱ्यावर मोहाची दोन झाडं आहेत. मी तिच्याबरोबर गेलो. पंधरा-सोळा वर्षांचा होतो, डोक्यात तत्त्व भरलेलं. मी विचारलं, "माय, रात्री सडवा सांडला आन् आता फुलं वेचतेस? व्यापाऱ्याले इकशील. तो कोणाले इकते ते तुले माहीत नाई का?"

ती वेचत राहिली. वाकलेलीच. मग म्हणाली, "तुह्या शाळेची फी कोणतं झाड देते रे? हेच देते. झाडानं का वाईट केलं? झाडाले माहीत नाई आपून त्याच्या फुलाचं का करतो."

मला तेव्हा ते उत्तर पळवाटीचं वाटलं. आता तसं वाटत नाही. पण ते पूर्ण उत्तर आहे असंही वाटत नाही. गेली तीस वर्षं मी त्या दोन वाक्यांभोवती फिरतोय.

कारण कायदाही हीच फिरती करतोय. इंग्रजांच्या काळात मुंबई सरकारने १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा केला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावर बंधनं घालणारा. आदिवासीच्या आरोग्याची काळजी हे त्याचं कारण नव्हतं. घरी गाळलेली दारू फुकट. सरकारी परवान्याच्या दुकानातली विकत, तिच्यावर महसूल. झाड लोकांचं, पण नशेचा पैसा सरकारचा, असा तो हिशोब. आणि त्याला आदिवासींनी दिलेलं एक उत्तर विलक्षण होतं. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत देवीची चळवळ झाली. देवी अंगात यायची आणि सांगायची, दारू-ताडी सोडा. हजारो आदिवासींनी सोडली, दारूचे दुकानदार आणि सावकार हवालदिल झाले. म्हणजे "आदिवासी म्हटला की दारू" हे समीकरण जितकं खोटं, तितकंच "बंदी ही बाहेरून लादलेली गोष्ट" हेही सरसकट खरं नाही. कधी ती आतूनही येते.

आपल्या राज्यातला दारूबंदीचा कायदा १९४९ चा. त्याच्या चौकटीत मोहफुलं बाळगणं, वाहून नेणं यावर कितीतरी वर्षं बंधनं होती. म्हणजे माझी माय टोपलीभर फुलं घेऊन बाजाराला निघाली की कागदावर ती संशयित. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांवरची ही बंधनं उठवली. चांगलं झालं. उशिरा झालं, पण झालं.

आणि त्याच २०२१ मध्ये नदीपलीकडे दुसरी गोष्ट झाली. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. त्यासाठीही बायांनी वर्षानुवर्षं पायपीट केली होती. २०२१ मध्ये ती उठली. कारणं सांगितली गेली ती अवैध विक्री, बनावट दारू, गुन्हे, बुडणारा महसूल. त्यामुळे आता आमची स्थिती अशी आहे. वैनगंगेच्या अलीकडे बंदी. पूल ओलांडला की दुकान. पूर्वेला छत्तीसगडात गेलं तर तिथे आदिवासी कुटुंबाला घरच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत मोहाची गाळायला सूट. मोहाच्या झाडाला यातलं काही माहीत नाही. ते तिन्हीकडे एकाच पहाटे गळतं.

मग बंदीचा उपयोग झाला की नाही? दोन्ही बाजूंनी लोक आकडे फेकतात, मी ते करणार नाही. मी पाहिलेलं सांगतो. बंदी आल्यावर आमच्या गावातून उघडं दुकान गेलं. संध्याकाळी चौकातून बायांना जाता यायला लागलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दारू पूर्ण गेली का? नाही. नदीपलीकडून पव्वे येतात. आणि हातभट्टीत मोहाच्या जागी गूळ आला, नवसागर आला, कारण घाई आहे, लपून करायचंय आणि पिणाऱ्याला लवकर चढलं पाहिजे. ही मोहाची दारू नाही, तिला त्या झाडाचं नाव देणं हा झाडाचा अपमान आहे. विषारी दारूची मोठी प्रकरणं आठवा. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली, ती कारखान्यात वापरायच्या मिथेनॉलमुळे. जिथे माणूस ओळखीचा नाही, फक्त गिऱ्हाईक आहे, तिथे कुणी काहीही विकतं.

इथे मला ग्रीसच्या भट्टीचा मुद्दा पुन्हा घ्यायचाय. मैत्रीण म्हणाली होती, "तिकडे बघ, घरची दारू अभिमानाने करतात, जगभर नाव झालं, तुम्ही मोहाचं तसं का करत नाही?" प्रश्न खोटा नाही. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देऊन आदिवासी गटांकडून ती बाटलीत भरून विकायला काढली. मग आमच्याकडे का नको?

माझं म्हणणं सरळ आहे. ग्रीसमध्ये ती भट्टी वर्षातून काही दिवस लागते, द्राक्षाच्या हंगामानंतर, आणि सगळ्या गावासमोर लागते. लोक बसून, खात खात, हळूहळू पितात. तिथे दारूला वेळ आहे, जागा आहे, माणसं आहेत. आमच्या जुन्या मोहालाही हे सगळं होतं. वेळ सणाची, माप द्रोणाचं, आणि पहिला थेंब पूर्वजांचा. माझ्या काकांना मारलं ते या मोहाने नाही. सण निघून गेला, द्रोण निघून गेला आणि फक्त बाटली राहिली, तिने मारलं. आता या बाटलीवर छान लेबल लावून ती मुंबईच्या हॉटेलात गेली तर मला राग नाही. पण त्यातून गावात द्रोण परत येणार नाही. आणि पैसा फूल वेचणाऱ्या बाईला मिळेल की मधल्या माणसाला, हे आधी लिहून द्या, मग संस्कृतीचं बोला.

तर मग ठरवायचं कुणी? पेसा कायदा १९९६ चा आहे, अनुसूचित क्षेत्रासाठी. आरमोरी तालुक्यातली काही गावंही त्यात येतात. त्यात मादक पदार्थांबाबत जे लिहिलंय ते नीट वाचण्यासारखं आहे. बंदी घालणं, किंवा नियमन करणं, किंवा निर्बंध घालणं, असे तिन्ही पर्याय आहेत. आपण नेहमी दोनच बोलतो, बंदी की उठवा. गावाला तिसरंही बोलता येतं. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा सगळ्यांना माहीत आहे, गावात आम्हीच सरकार म्हणणारं. त्या गावाच्या वाटचालीत सुरुवातीच्या प्रश्नांमध्ये दारूचा प्रश्न होता आणि तो बायांनी लावून धरला होता. एकमत होईपर्यंत बसायचं, ही त्यांची रीत. जंगलाचा हक्क पुढे २००९ मध्ये मिळाला. एकत्र बसायची सवय आधीची.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं. माझ्या जिल्ह्यातली बंदी उठवू नये. ज्या बायांनी ती मिळवली त्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच. पण पूजेचा द्रोण आणि धंद्याचं पिंप यांना एकाच कलमात कोंबू नये. गोंडाच्या अंगणात पूर्वजांसाठी सांडलेल्या चार थेंबांवर छापा घालणं म्हणजे दारूबंदी नव्हे. आणि पलीकडून रात्री पव्वे आणणाऱ्याला "परंपरा" म्हणून सोडणं म्हणजे संस्कृती नव्हे.

एक शेवटचा प्रसंग सांगतो आणि थांबतो.

गेल्या वर्षी आमच्या शेजारचे गोंड आजोबा वारले. माय आता सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, तरी गेली. मीही गेलो. विधी चालू होता. त्यांच्या लेकाने पळसाच्या पानाचा द्रोण पुढे केला, त्यात मोहाची होती, आणि जमिनीवर थेंब सोडले. मी मायकडे बघत होतो. हीच ती, जिने कंदील घेऊन पिंपं ओतली होती. मला वाटलं उठेल, निदान तोंड फिरवेल. तिने हात जोडले.

परतताना विचारलं, "माय, तुले राग नाई आला?"

ती म्हणाली, "ते त्याच्या बापासाठी होतं. तुह्या काकानं जे पेली ते कोणासाठी होती, सांग?"

मला सांगता आलं नाही.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. यंदाच्या हंगामात माय झाडाखाली गेली नाही. गुडघे हे एक कारण. दुसरं वाघ. आमच्या पट्ट्यात, वडसा-आरमोरी-ब्रह्मपुरीच्या रानात, मोह वेचायला गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या आता दर उन्हाळ्यात येतात. अस्वलही त्याच फुलांसाठी त्याच वेळी येतं. तुम्ही हे ऐकत असाल आणि हंगामात जात असाल, तर एकट्याने जाऊ नका, अंधारात जाऊ नका, चार जण मिळून आवाज करत जा. झाडाखालचा पाला पेटवू नका. त्याने रान पेटतं. झाडाखाली जाळी बांधली तर फूल स्वच्छ मिळतं आणि तासन् तास वाकून राहावं लागत नाही. फूल उन्हात नीट वाळवून ठेवलंत तर पावसाळ्यात भाव बरा मिळतो. आणि थोडं घरी ठेवा. लाडू करा. लेकरांना कळू द्या की मोह खाताही येतो.

पुण्याच्या मैत्रिणीला काल मी पुन्हा फोन केला. म्हटलं, त्या दिवशी चहा म्हणालो ते सोड. मे महिन्यात ये. सकाळी आंबील पाजतो, दुपारी भाजल्या कैरीचं पन्हं, संध्याकाळी अंबाडीचं सरबत. मोहाचं झाड दाखवतो, त्याचा लाडू खाऊ घालतो. ती म्हणाली, "आणि पहिल्या धारेची?" म्हटलं, ते मायला विचार. घर तिचं आहे.

माझी आंबील संपली. तुमच्या घरी काय होती आंबिलीची रीत? ज्वारीची, नाचणीची, तांदळाची? ताक आधी की नंतर? आणि तुमच्या गावात बाटली कुणी आडवी केली असेल तर तेही कळवा. पुढच्या भागात त्यातलं वाचून दाखवेन.

उन्हात फिरू नका. येतो मंडळी. नमस्कार.